धेनुकाकटच्या कुणबिणीचें लेणें

पुण्याहून मुंबईस जाणारा जुना रस्ता देहूरोड मागें टाकून तळेगांवाकडे निघाला म्हणजे वाटेंत शेलारवाडी हें लहानसें गांव लागतें. गांवालगतच्या डोंगरास घोराडेश्वर अथवा घोरवडेश्वर म्हणतात. लोहमार्गावरील घोरावाडी स्थानकाच्या नांवांतहि तोच शब्द निराळ्या रूपानें वावरत आहे. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज शोधकांनीं येथील लेण्यांस 'गारोडी' असें नांव लाविलें. त्यामुळें ग्रंथांत गारोडी वाचणाऱ्यास शेलारवाडी सांपडत नाहीं, व शेलारवाडी पाहणाऱ्यास गारोडी आठवत नाहीं, असा प्रकार बरीच वर्षें चालू राहिला. कार्लें, भाजें व बेडसें या मावळांतील तीन नामांकित लेण्यांकडे पुण्याहून जाणारा प्रवासी याच डोंगराजवळून जातो, पण थांबत नाहीं. महाशिवरात्रीस मात्र डोंगर माणसांनीं फुलून जातो. तीं माणसें लेणीं पाहण्यास नव्हे, देवदर्शनास आलेलीं असतात.

शिल्पाच्या दृष्टीनें हीं लेणीं साधीं आहेत हें आरंभींच सांगितलेलें बरें. कार्ल्याच्या चैत्याची भव्यता येथें नाहीं, बेडशाच्या स्तंभांवरील स्वारांची जोडपीं नाहींत, भाज्याच्या विहारांतील नवलाचीं शिल्पें नाहींत. परंतु येथें एका वाक्याचा एक प्राकृत लेख आहे, आणि त्या वाक्यांत जें आहे तें मावळांतील इतर कोणत्याहि लेण्यांत आमच्या पाहण्यांत नाहीं. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्या एका वाक्यासाठीं आहे.

लेखाकडे वळण्यापूर्वीं स्थळाविषयीं दोन शब्द. या डोंगरावर लहानमोठीं मिळून दहाच्या आंतबाहेर लेणीं आहेत. त्यांतील मुख्य लेण्यांत पूर्वीं स्तूप होता; पुढें तो काढला जाऊन त्या जागीं शिवलिंग स्थापन झालें व बौद्धांचें चैत्यगृह घोराडेश्वराचें देऊळ बनलें. हें स्थित्यंतर नक्की केव्हां झालें तें सांगणारा लेख नाहीं, पण तें झाल्यानंतरच्या काळाची एक खूण लेण्यांतच कोरलेली आहे. बालबोध अक्षरांत शके १३६१, सिद्धार्थी संवत्सर, श्रावण शुद्ध असा काळ देणारा एक लेख तेथें आहे. शकांत बारा मिळवून साठांनीं भागिलें असतां बाकी त्रेपन्न उरते, आणि प्रभवापासून मोजतां त्रेपन्नावा संवत्सर सिद्धार्थीच येतो. म्हणजे शक व संवत्सर यांचा मेळ बरोबर बसतो. इ. स. १४३९ म्हणजे बहामनी अमलाचा काळ. त्या काळीं ही जागा ओसाड नव्हती, श्रावणांत येथें कोणीतरी येत होतें व आपल्या येण्याची तिथि दगडावर ठेवीत होतें, एवढें त्यावरून निश्चित होतें. वारकरी परंपरा सांगते कीं, भंडारा व भामचंद्र या डोंगरांप्रमाणेंच घोराडेश्वरहि तुकोबारायांच्या एकांताचें स्थान होतें. आणि याच परिसरांत, देहूरोड येथें, २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. स्तूपाच्या जागीं लिंग, लिंगापाशीं वारकऱ्याचा एकांत, आणि पुन्हां डोंगराखालीं बुद्धमूर्ति, असे एकावर एक थर चार-पांच मैलांच्या टापूंत सांपडण्याचीं ठिकाणें महाराष्ट्रांत फार नाहींत. तथापि हा सर्व उत्तरकाळ होय. आमचा विषय त्याहून बराच जुना आहे.

१८८१ सालीं जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या शिलालेखांचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यांत शेलारवाडीचे लेख आले. पुढें १९१२ मध्यें ल्यूडर्स यांच्या ब्राह्मी लेखांच्या सूचींत त्यांची नोंद झाली. त्यांपैकीं एक लेख भिक्षुसंघाच्या माणसांचा आहे. त्यांत थेर भदंत सिंह याच्या शिष्यवर्गांतील घपरा नांवाच्या प्रव्रजितेचा संबंध येतो व दानाची वस्तु 'चेतियघर' म्हणजे चैत्यगृह अशी सांगितली आहे. लिंगाच्या जागीं पूर्वीं काय होतें, याचा लेखी पुरावा हा असा डोंगरावरच उपलब्ध आहे. दुसरा लेख तो आमचा. अक्षरवटिकेवरून विद्वान तो इसवी सनाच्या पहिल्या दोन-तीन शतकांत बसवितात.

त्याचा आशय असा : धेनुकाकट येथें राहणारा, हालकिय, कुडुबिक जो उसभणक, त्याची कुडुबिनी सिअगुतणिका हिचें देयधर्म लेणें, पुत्र णद गृहपति याच्यासह.

एवढेंच. राजाचें नांव नाहीं, वर्ष नाहीं, ऋतु-पक्ष-दिवस नाहींत, संघाच्या कोणत्या शाखेस दान दिलें तेंहि नाहीं. ज्यांस सनदा व महजर वाचण्याची संवय आहे अशा आमच्या वाचकांस हा कागद फारच अपुरा वाटेल. परंतु जो मजकूर आहे त्यांतील एकेक शब्द थांबून वाचण्याजोगा आहे.

प्रथम 'कुडुबिक' हा शब्द घेऊं. संस्कृत कुटुम्बिक अथवा कुटुम्बिन् याचें हें प्राकृत रूप होय. ट चा ड झाला आहे, आणि म्ब मधील अनुस्वार, त्या काळच्या लेखनाच्या रीतीप्रमाणें, कोरला गेलेला नाहीं. याच शब्दापासून आपला 'कुणबी' निघाला हें व्युत्पत्तिज्ञांस मान्य आहे. गुजरातींतील कणबी त्याचाच भाऊ. आमच्या जुन्या दप्तरांत 'कुळंबी' असें जें रूप वारंवार आढळतें तें तर या प्राकृत रूपाच्या आणखीच जवळचें आहे. कुटुंब बाळगणारा तो कुटुंबी, आणि शेतीवांचून कुटुंब बाळगण्याचा दुसरा मार्ग बहुसंख्य लोकांस नसल्यामुळें कुटुंबी म्हणजे शेतकरी, असा अर्थ स्थिर झाला असावा. म्हणजे मावळच्या कुणब्याचें जातिनाम मावळांतच दगडावर सुमारें अठराशें वर्षांपासून कोरून राहिलें आहे. या प्रांतांतील कुळांच्या वंशावळी गोळा करणाऱ्यांनीं या गोष्टीची नोंद ठेवावी. अर्थात् तिजवरून कोणत्याहि आडनांवाचें प्राचीनत्व सिद्ध होत नाहीं. त्या काळचा कुडुबिक ही धंद्याची व घरस्थितीची संज्ञा होती, आजच्या अर्थाची जात नव्हे.

'हालकिय' हा शब्द अधिक नाजूक आहे. हल म्हणजे नांगर; त्यावरून हालकिय म्हणजे नांगर धरणारा, असा सरळ अर्थ होतो व बहुतेकांनीं तो तसाच केला आहे. संस्कृतांत हालिक हा शब्द त्याच अर्थानें रूढ आहे, आणि सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेल्या गाथासप्तशतींत हा हालिक, त्याची बायको व त्याचें शेत यांचे उल्लेख ठिकठिकाणीं येतात. दुसरी शक्यता अशी कीं, कुडुबिक या शब्दानें शेतकरी हा अर्थ आलाच आहे, तेव्हां हालकिय हें कुळाचें अथवा घराण्याचें नांव असावें. व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ संभवतात. आमचा कल पहिल्या अर्थाकडे आहे, आणि त्याचें कारण कार्ल्याच्या एका लेखांत आहे. तें पुढें येईल. उसभणक हें नांव तरी पहा : उसभ म्हणजे ऋषभ, बैल. शेवटचा 'णक' हा त्या काळच्या नांवांत नेहमीं येणारा प्रत्यय होय. बेडशाचे पुसणक व अपदेवणक हे त्याच वळणाचे. नांगरधाऱ्याचें नांव बैलावरून पडलेलें पाहून मौज वाटते, परंतु त्यावर कांहीं सिद्धांत उभारण्याचें कारण नाहीं.

आतां दात्याचा प्रश्न. हा लेख ज्या ज्या ठिकाणीं उद्धृत होतो तेथें 'एका नांगरधाऱ्यानें दिलेलें लेणें' असें त्याचें वर्णन केलें जातें. आमच्या मतें हें वर्णन बरोबर नाहीं. देयधर्म ज्याचा, तें नांव षष्ठींत असावयाचें. आणि लेण्याच्या शब्दाला लागून असलेली षष्ठी सिअगुतणिकेची आहे. उसभणकाची षष्ठी केवळ ती कोणाची कुडुबिनी हें सांगण्यापुरती आहे. 'सह' या शब्दानें पुण्यांत भागीदार म्हणून जो जोडला आहे तो पुत्र, नवरा नव्हे. पत्नी व मुलेंबाळें यांसह दान दिल्याचे लेख लेण्यांतून पुष्कळ आहेत, तेव्हां नवऱ्यास भागीदार करावयाचें असतें तर त्यासाठीं शब्द तयार होते. शिवाय मुलाच्या नांवास 'गृहपति' हें पद लागलें आहे. बाप कुडुबिक व मुलगा गृहपति, असा भेद एका घरांत कां पडावा? कित्येक म्हणतील कीं मुलगा बापापेक्षां श्रीमंत झाला. तें अशक्य नाहीं. परंतु गृहपति म्हणजे घराचा धनी हा मूळ अर्थ धरिल्यास अधिक साधी उपपत्ति निघते : उसभणक त्या वेळीं हयात नसावा, घराचें धनीपण णदाकडे आलें असावें, आणि आई व मुलगा यांनीं मिळून हें लेणें कोरविलें असावें. हा तर्क आहे, पुरावा नव्हे; परंतु लेखांतील तिन्ही नांवांच्या मांडणीचा उलगडा त्यानें होतो. म्हणून या लेखास आम्हीं कुणब्याचें न म्हणतां कुणबिणीचें लेणें म्हटलें आहे. पेशवाईंतील कागदांत कुणबीण हा शब्द दासी या अर्थानें येतो, हें आमच्या वाचकांस माहीत आहेच. येथें तो अर्थ घेऊं नये. उलट, 'कुटुंब' हा शब्द बायको या अर्थानें आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत घरोघर बोलला जात असे. त्या बोलण्यांत या कुडुबिनीचा धागा शिल्लक आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

लेणें खोदविण्यास पैसा लागतो. खडक फोडणारे पाथरवट, त्यांचें अन्न, हत्यारांस लोखंड व कोळसा, हें सर्व कित्येक महिने पुरवावें लागतें. नाशिक, जुन्नर, कार्लें व कान्हेरी येथील लेखांतून दाते म्हणून राजे, अमात्य, महारठी, श्रेष्ठी, व्यापारी, सोनार, लोहार, माळी, कोळी असे नाना प्रकारचे लोक भेटतात. नाशिकास मुगुदास नांवाच्या कोळ्यानें लेणें दिलें आहे. पण ज्याच्या ओळखीस नांगर व शेतकीपण हींच दोन विशेषणें पुरतात अशा घरानें आख्खें लेणें दिल्याचें उदाहरण दुर्मिळ आहे. शेतकऱ्याचें धान्य लेण्यांत जात होतें खरें, परंतु सामान्यतः तें राजाच्या आज्ञेनें. तो प्रकार कार्ल्यास स्वच्छ दिसतो.

कार्ल्याचें त्या काळचें नांव वलुरक. नहपानाचा जांवई उषवदात यानें वलुरकच्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठीं करजिक हें गांव दिलें, असा लेख चैत्यांत आहे. पुढें सातवाहनांचा अमल आल्यावर याच गांवाविषयीं मामाल येथील अमात्यास केलेली आज्ञा तेथेंच कोरलेली आहे. तींत गांव 'मामालाहारां'तील, उत्तरेकडील मार्गावरचें, असें म्हटलें आहे. मामाल म्हणजेच आपला मावळ, आणि आहार म्हणजे जिल्हा. मावळांतील करंजगांव तें हेंच असावें, असें बहुतेकांचें मत आहे. या आज्ञापत्रांत भिक्षूंस दिलेल्या शेतजमिनीस 'भिखुहल' असा शब्द आहे. भिक्षूंचा नांगर, म्हणजेच भिक्षूंच्या नांगराखालची जमीन. हल हा शब्द अशा रीतीनें मामालाच्या सरकारी भाषेंत जमिनीच्या हक्काशीं जोडलेला होता. त्याच टापूंत, थोड्याफार त्याच काळीं, हालकिय म्हणविणारा मनुष्य नांगराच्या धंद्याचाच असावा हें म्हणून आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. भिखुहलास जे परिहार दिले त्यांची भाषाहि ध्यानांत घेण्यासारखी आहे : राजपुरुषांनीं आंत शिरूं नये, कोणी हात लावूं नये, मिठासाठीं खणूं नये, प्रांताच्या अंमलदारांनीं ढवळाढवळ करूं नये. आमच्या इनामी सनदांतील 'कुलबाब कुलकानू'च्या परंपरेचा उगम शोधणाऱ्यानें या ओळींपाशीं यावें.

सारांश, कार्ल्यास धान्य येई तें राजाज्ञेनें. शेलारवाडीस लेणें आलें तें नांगराच्या घरांतून, स्वेच्छेनें. हा फरक लहान नव्हे.

पण हें घर कोठलें? लेख म्हणतो, 'धेनुकाकडे वाथव' म्हणजे धेनुकाकट येथें वास्तव्य करणारा. आणि येथें मावळच्या प्राचीन भूगोलांतील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न उभा राहतो.

कार्ल्याच्या चैत्यांत धेनुकाकटचे दाते बारांहून अधिक आहेत; किंबहुना दुसऱ्या कोणत्याहि एका गांवाचीं इतकीं नांवें तेथें नाहींत. सिंहदत्त नांवाचा गंधी आहे, दरवाजाचें काम करणारा सुतार आहे, मिलिंद नांवाचा वैद्य आहे, व्यापाऱ्यांच्या 'वाणियगामा'नें दिलेला खांब आहे, आणि सिहधय, धम अशीं नांवें धारण करणारे यवनहि आहेत. हे यवन कोण, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. टार्न यानें १९३८ च्या आपल्या ग्रंथांत त्यांस यवननगरीचे नागरिकत्व पावलेले हिंदी लोक ठरविलें. इतरांनीं त्यांस हिंदी नांवें घेतलेले मूळचे ग्रीक मानिलें. आमचें लक्ष येथें त्यांच्या वंशाकडे नसून त्यांच्या गांवाकडे आहे.

गांव शोधण्याचे मुख्य मार्ग तीन झाले. धेनुकाकट व आंध्रांतील धान्यकटक म्हणजे अमरावतीजवळील धरणीकोट हीं एकच, असें एक जुनें मत. दुसरें, टॉलेमीच्या भूगोलांतील कोंकणाकडच्या एखाद्या नांवाशीं तें जुळवून घाटाखालीं ठेवण्याचें. तिसरें, १९५० नंतरच्या दशकांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं मांडलेलें : हें गांव कार्ल्याच्या शेजारींच, मावळांतच असलें पाहिजे.

पहिलें मत शब्दसाम्यावर उभें आहे, आणि तें साम्यहि ओढून ताणून आणलेलें आहे. धेनुका व धान्य हे दोन निराळे शब्द आहेत. मावळापासून धरणीकोट सरळ रेषेनेंहि सातशें किलोमीटरांच्या आसपास पडतें. व्यापारी इतका दूर जातो, हें खरें. कार्ल्याचें लेणें पुरें करविणारा भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे कानड्यांतील बनवासीचा होता. वैद्यहि जाईल, सुतार कामासाठीं जाईल. परंतु नांगर जात नाहीं. कृष्णेच्या मुखाजवळ शेत असलेल्या कुणब्याच्या घरानें पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यांतील, फारसें नांव नसलेल्या डोंगरावर लेणें कां खोदवावें, याचें समाधानकारक उत्तर त्या मतास देतां येत नाहीं. कार्ल्याच्या यवनांवर भर देऊन लिहिणाऱ्यांनीं शेलारवाडीच्या या एका ओळीस तळटीपेंत ढकललें, हें त्यांच्या हातून झालेलें मोठें दुर्लक्ष होय. धेनुकाकटचा बाजार कार्ल्यास दिसतो. धेनुकाकटचें शेत एकट्या शेलारवाडीस दिसतें. आणि गांवाचें ठिकाण ठरविण्यास बाजारापेक्षां शेत अधिक भरंवशाचें.

आतां आमच्याच बाजूस एक अडचण आहे, ती लपविणें योग्य नव्हे. धेनुकाकट कार्ल्यालगत होतें असें मानिलें तर तेथील घरानें कार्लें, भाजें, बेडसें हीं सर्व जवळचीं लेणीं सोडून शेलारवाडीस कां यावें? कार्ल्याहून शेलारवाडी सरळ रेषेनें सुमारें पंचवीस किलोमीटर आहे, म्हणजे बैलगाडीची एक मोठी मजल. बेडसें वाटेंतच पडतें. कोणी म्हणेल, शेलारवाडीच्या भिक्षूंशीं त्या घराचा विशेष स्नेह असेल. किंवा कार्ल्याचा चैत्य तोंवर पुरा होऊन मोठमोठ्या दात्यांनीं तेथील जागा व्यापली असेल व साध्या घरास नव्या, लहान डोंगरावर लेणें खोदविणें परवडलें असेल. हीं उत्तरें चालण्यासारखीं आहेत. पण तिसरेंहि एक आहे, आणि तें आजवर कोणी गंभीरपणें घेतल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं : धेनुकाकट कार्ल्याच्या अंगणांत नसून त्याच्या पूर्वेस, कार्लें व शेलारवाडी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या खोऱ्यांत असूं शकेल. बोरघाटाकडून येणारा व्यापारी मार्ग याच खोऱ्यांतून देशावर उतरतो, तेव्हां गंधी व वाणी यांची सोय तेथें लागते. आणि नांगरास जमीनहि कार्ल्याच्या भोंवतालच्यापेक्षां येथें अधिक सपाट व चांगली मिळते. धेनुका हें नांव गाईगुरांच्या गांवास शोभण्यासारखें आहे हें खरें, परंतु त्यावर विसंबणें नको.

लेखांतील रूपहि पाहण्यासारखें आहे. कार्ल्यास नांव ट नें लिहिलेलें आढळतें, शेलारवाडीस ड नें. कुटुम्बिकाचा कुडुबिक झाला त्याच नियमानें धेनुकाकटाचें धेनुकाकड झालें. नगरच्या व्यापाऱ्यानें नांवाचें प्रतिष्ठित रूप कोरविलें व गांवच्या घरानें तोंडांत असलेलें, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु कोरणाऱ्याच्या संवयीनेंहि हा फरक पडूं शकतो. इतकें मात्र खरें कीं, या नांवाचा आजचा अवशेष शोधावयाचा तर ड-कारान्त रूपापासून निघालें पाहिजे, व मधला क गळून जाणार हें गृहीत धरिलें पाहिजे. प्राकृतांत स्वरांमधील क टिकत नाहीं.

एवढ्या काळानंतर गांवाचें नांव उरतें काय, अशी शंका कोणी घेईल. उरतें. करजिकाचें करंजगांव हें घरचें उदाहरण वर आलेंच आहे. परक्या देशांतील एक उदाहरण असें कीं, जावा बेटांत बलितुंग नांवाच्या राजानें शके ८२९ मध्यें, म्हणजे इ. स. ९०७ सालीं, मंत्यासिह नांवाच्या खेड्यांतील ग्रामाधिकाऱ्यांस करमुक्त भूमि देऊन ताम्रपट करून दिला. शक आपलाच, लिपीचें मूळहि हिंदुस्थानांतलें. तें खेडें मध्य जावांतील मागेलांग शहरांत मेतेसेह या नांवानें अद्यापि ओळखलें जातें. हजार वर्षें, धर्मांतर, परकी राज्यें, हें सर्व होऊनहि नांवाचा सांगाडा शाबूत राहिला. जावांतील असे ताम्रपट गांवच्या लहानसहान लोकांचीं नांवेंहि देतात, तें पाहून आम्हां महाराष्ट्रीयांस हेवा वाटावा. आमच्या लेण्यांतील लेख त्या मानानें फार त्रोटक. म्हणून तर उसभणकाच्या घराच्या तीन नांवांची किंमत अधिक.

येथें ज्यांच्या संग्रहीं मावळचे कागद आहेत त्यांच्याशीं आमचें काम आहे. गांवांचीं नांवें छापील याद्यांतून अनेकांनीं चाळलीं. त्यांतून कांहीं निघालें नाहीं. परंतु गांव मोडतें तेव्हां त्याचें नांव शेतास, पाणवठ्यास, ओढ्यास अथवा पांढरीस चिकटून राहतें, आणि हीं नांवें छापील याद्यांत येत नाहींत. तीं येतात महजरांत, सीमेच्या तंट्यांच्या निवाड्यांत, थळझाड्यांत व वांटणीपत्रांत. शिवेच्या कागदांत तर खुणेच्या प्रत्येक दगडाचें, झाडाचें व वगळीचें नांव सांगितलेलें असतें. तळेगांवच्या दाभाड्यांचें दप्तर, देशमुख-कुळकर्ण्यांच्या घरचे रुमाल व पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मावळचे हिशेब यांत इंद्रायणीच्या दोन्ही तीरांवरील शेतांचीं नांवें किती निघतील याचा अंदाजच करावा. धेन, धेण, धेणव, दिणव अशा आदिवर्णांचीं, किंवा शेवटीं अड, कड, वड असलेलीं थळांचीं नांवें आढळल्यास तीं मूळ मोडी अक्षरांसह, कागदाची मिति व गांवाची शीव देऊन, उतरून घ्यावीं. नांव आढळलें म्हणून धेनुकाकट सांपडलें असें मात्र म्हणूं नये. त्या जागीं जुनीं खापरें, सातवाहनांचीं नाणीं, मोठ्या विटा निघतात काय हें पाहिल्यावांचून नांवाची साक्ष एकटी पुरी पडत नाहीं. आणि उलट, जेथें अशीं खापरें सांपडतात तेथील शेताचें जुनें नांव विचारल्यावांचून परत येऊं नये.

शेलारवाडीच्या मूळ लेखाच्या अवस्थेबद्दल एक सूचना. लेणें चालतें देवस्थान आहे, तेव्हां तेल, शेंदूर, चुना व रंग यांचा हात भिंतींस लागणें क्रमप्राप्तच आहे, व भाविकांवर रागावून उपयोग नाहीं. अधिक नुकसान होतें तें अक्षरें स्पष्ट दिसावीं म्हणून खडूनें वा रंगानें तीं भरणाऱ्या हौशी अभ्यासकांकडून. भरणारा आपल्याला वाचतां आलेलें अक्षर भरतो, आणि पुढच्याला दगड न दिसतां त्याचें वाचन दिसतें. हालकियांतील क व य यांसारख्या अक्षरांवर सर्व अर्थ अवलंबून असतां असें करणें बरें नव्हे. ओला कागद बसवून घेतलेला ठसा, किंवा बाजूनें प्रकाश टाकून घेतलेलें छायाचित्र, यांनीं काम होतें. ठशाबरोबर लेखाची जमिनीपासूनची उंची, ओळींची लांबी व अक्षरांची उंचीहि नोंदवावी. १८८१ च्या छापील ठशाशीं ताडून पाहतांना त्यांचा उपयोग होतो.

ज्यांस तेवढी सवड नाहीं त्यांनीं निदान चेतियघराचा लेख व कुडुबिनीचा लेख एकाच खेपेस पाहून दोहोंची अक्षरवटिका ताडावी. दोन्ही दानें एकाच पिढींतील ठरलीं तर थेर सिंहाचा शिष्यवर्ग व धेनुकाकटचें हें घर यांचा परस्पर परिचय असण्याचा संभव वाढतो, आणि पंचवीस किलोमीटरांवरच्या त्या अडचणीचें एक उत्तर त्यांतच मिळेल.